वरची मिरची

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट आहे. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईंकडे मी पाव किलो हिरव्या मिरच्या मागितल्या. त्यांनी दोन मुठी मिरच्या काट्याच्या थाळीत टाकल्या, लाल आकडे धावले आणि 256 वर थांबले. बाईंनी आकड्याकडे पाहिले, वरची एक मिरची देठाला धरून उचलली आणि पाटीत परत टाकली. आकडा बरोबर 250 झाला. त्यांनी मिरच्या माझ्या पिशवीत ओतल्या. या सगळ्याला चार सेकंदही लागले नसतील, आणि त्यात आक्षेप घेण्यासारखे काहीही नव्हते. मी पाव किलो मागितले होते, मला पाव किलो मिळाले होते. तरीही घरी येईपर्यंत ती परत गेलेली मिरची माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. सगळ्या भाजीचे मिळून 83 रुपये झाले होते आणि मी ‘वरचे तीन जाऊ द्या’ म्हणून 80 च दिले होते, हे मला जिना चढताना आठवले. माझे वरचे तीन रुपये मला चालले होते, त्यांनी वरची मिरची काढून घेतलेली मात्र मला लागली होती.

मी मापाड्याचा मुलगा आहे. त्यामुळे थाळीत पडलेल्या वस्तूकडे मी कधीच सहज पाहू शकत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या आवारात, माझे वडील तेहतीस वर्षे मापाडी होते. छातीवर पितळी बिल्ला, खिशात पेन्सिल, कपाळाला कायम बाजरीची धूळ. तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेला मोठा काटा असायचा. एका पारड्यात लोखंडी वजने, दुसऱ्यात पोते. हमाल पोते चढवत, वडील दांडीवर दोन बोटे ठेवून ती स्थिर होऊ देत आणि मग आकडा पुकारत. तो आकडा शेतकरी ऐके, आडत्याचा, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या दलालाचा, दिवाणजी लिहून घेई, आणि त्या क्षणापासून त्या पोत्याचे वजन तेच असे. लहानपणी मला यात काहीतरी देवासारखे वाटे. जग हेलकावे खात आहे, बाबा बोट ठेवतात आणि ते थांबते. आजोबांच्या वेळी तर काटाही नव्हता, सगळे मापाने चाले. पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, आणि मग ‘दोन’, ‘तीन’. माप काठोकाठ भरले की त्याच्या वर जो निमुळता ढीग राही, ती शीग. उत्सुकता शिगेला पोहोचते असे आपण आज लिहितो, तेव्हा धान्याचा तो ढीग आपल्याला दिसतही नाही. पण देवाणघेवाणीतला सगळा मोठेपणा आणि सगळी लबाडी त्या शिगेतच होती. शीग घालून घ्यायचे आणि हाताने कापून द्यायचे, ही सावकाराची रीत. घरी आलेल्या बलुतेदाराला शीग घालून द्यायचे, ही त्याच गावातल्या दुसऱ्या कुणाची. इलेक्ट्रॉनिक काट्याला शीग माहीत नाही. त्या रविवारी मला चुकल्यासारखे वाटले ते एवढेच असावे, असे मी सुरुवातीला स्वतःला सांगितले.

पण जुन्या काट्याबद्दल हळवे होण्याचा अधिकार मला तरी नाही, कारण तो काटा कसा चाले हे मी जवळून पाहिले आहे. दांडी मारणे हा वाक्प्रचार आता कामाला दांडी मारण्यापुरता उरला, पण बाजारात तो अक्षरशः घडत असे. दांडी स्थिर होण्याआधी, पोत्याचे पारडे खाली झुकता झुकता आकडा पुकारला की वजन कमी लागते. पारड्याच्या तळाला चिकटवलेला गूळ, काट्याचा खोटा पासंग, आणि माल विकताना वापरायचे, तळातले शिसे खरवडून हलके केलेले वजन, हे त्याचे सख्खे भाऊबंद. पोत्यामागे अर्धा किलो मारला तर शेतकऱ्याला कळतही नाही. बारदानाचा आणि ओलाव्याचा कडता, म्हणजे वजनातली ठरलेली घट, आधीच कापलेला असतो, त्यात ते मुरून जाते. दिवसाला दोनशे पोती तोलली, तर संध्याकाळी शंभर किलोंचे एक पोते कुणीही न पेरता, कुणीही न कापता आडतीवर उभे राहते. शिवाय भाव ठरायचा तो रुमालाखाली. खरेदीदार आणि आडत्या एकमेकांच्या हातात हात घालत, वर पंचा टाकत, आणि बोटे दाबून दर सांगत. याला हत्ता म्हणत. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उकिडवा बसून त्या पंच्याच्या हालचालीकडे पाहत राही. आणि शेवटी हातात येणाऱ्या पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, हमाली, तोलाई, वाराई, आडत अशा ओळी उतरत उतरत एक ओळ असे ‘धर्मादाय’. दान व्यापाऱ्याच्या नावाने, पैसे शेतकऱ्याच्या मालातून. मी पुढे बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घालवले, अनेक चतुर नोंदी पाहिल्या, पण त्या नोंदीच्या तोडीची दुसरी पाहिली नाही.

हे सगळे कसे बदलले, याची जी गोष्ट आपण स्वतःला सांगतो ती फार सरळ आहे. माणसे सुधारली, कायदे झाले, काटे नीट झाले, व्यापार वाढला. बँकेच्या तपासणीसाठी एकदा वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला आठवडाभर राहिलो होतो. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याचे नाव घेतात, तो तिथला कापसाचा बाजार, 1886 सालचा. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. खरे माप, उघडा लिलाव, अधिकृत मापाडी या कल्पनांची आपल्याकडची सुरुवात त्या काळ्या मातीतली. आणि तिच्या मुळाशी वऱ्हाडातल्या कुणब्याविषयीचा कळवळा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, न भिजवलेला, भेसळ नसलेला कापूस खात्रीने हवा होता. माल हजारो मैल लांब जाणार होता, तिथे तो पुन्हा तोलला जाणार होता, आणि तिथला गिऱ्हाईक नको म्हणू शकत होता. म्हणून इथली दांडी सरळ झाली. मला हे कळले तेव्हा दोन भावना एकदम झाल्या. एक म्हणजे समाधान, कारण सचोटी ही केवळ साधुसंतांची चैन नाही, तिच्यावाचून मोठा व्यापार उभाच राहत नाही, याचा तो पुरावा होता. दुसरी भावना तितकी सुखाची नव्हती. जिथे समोरचा नको म्हणू शकतो तिथेच काटा सरळ होत असेल, तर ज्याला नको म्हणण्याची सोय नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या पुराव्याच्या आतच बसलेला होता.

आमच्या भागात या प्रश्नाचे एक उत्तर दिले गेले, आणि ते थोर उत्तर होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते आणि पुण्याहून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ येऊन त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. एकाकडे गावांचा विश्वास आणि दुसऱ्याकडे हिशेबाची शिस्त. शेतकऱ्याने आपला ऊस आपल्याच काट्यावर घालायचा, त्यामुळे त्या काट्याला खोटे बोलण्याचे कारणच उरू नये, अशी ती रचना. ती खूप काळ चाललीही. आमच्या गावातली कौले, विहिरींवरची इंजिने, मुलींच्या शाळा, मोटरसायकली, माझ्या वर्गातल्या मुलांच्या पायांतल्या चपला, हे सगळे त्या उसातून आले, आणि ज्यांना या समृद्धीत फक्त राजकारण दिसते त्यांनी तिच्याआधीचे नगर पाहिलेले नाही. पण काटामारी हा शब्दही याच पट्ट्यात घरोघरी झाला. खासगी असो की सहकारी, कारखान्याच्या गेटावर वजन करायच्या आधी बाहेरच्या धर्मकाट्यावर गाडी तोलून घ्यावी का, ही चर्चा आजही पारावर होते. (धर्मकाटा हा शब्द पाहा. जो काटा विकतही नाही आणि घेतही नाही, त्यालाच धर्म चिकटला.) एका खेपेत टनभर ऊस मारला, तर 2024-25 च्या हंगामातल्या 3,400 रुपये टनाच्या किमान दराने शेतकऱ्याचे तेवढे पैसे हवेत गेले. साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, 10.25 टक्के धरून तो दर बांधलेला असतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज, हेही 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. म्हणजे वजन, उतारा आणि उशीर, तिन्ही मोजायची व्यवस्था आहे. मोजण्याच्या बाबतीत आम्ही मागासलेले नाही.

वडिलांकडे परत येतो, कारण खरे तर मला त्यांच्याबद्दलच लिहायचे आहे आणि मी कारखान्याच्या आडोशाला उभा राहिलो आहे.

बाजारात त्यांचे नाव होते. ‘अमक्याच्या काट्यावर लावा’ असे लांबून आलेले शेतकरी सांगत, हे मी कानांनी ऐकले आहे. हमालांच्या संघटनेतही ते होते. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, शंभर किलोंचे पोते पाठीवरून पन्नासावर यावे म्हणून भांडण मांडले. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. या गोष्टी आमच्या घरात देवादिकांच्या कथांसारख्या सांगितल्या जात. पोते पन्नासाचे झाले तर माणसाची मान वाचेल, हे सांगताना वडील स्वतःची मान चोळत. पुण्यात शिकायला आलो तेव्हा ते मला मुद्दाम ‘कष्टाची भाकर’मध्ये घेऊन गेले आणि कष्टकऱ्यांच्या रांगेत उभे राहून झुणका-भाकरी खाऊ घातली, जणू कुलदैवताला नेल्यासारखी.

माझी महाविद्यालयाची फी भरली ती ज्या आडतीवर ते तोलत असत त्या शेठजींनी. पहिल्या वर्षाला रोख, व्याज नाही, लिखापढी नाही. ‘पोरगा लागला की दे’ एवढेच. पुढची दोन वर्षेही त्यांनीच निभावली. मी नोकरीला लागल्यावर पैसे परत करायला गेलो तेव्हा त्यांनी अर्धेच ठेवून घेतले, उरलेले माझ्या हातात कोंबले आणि पेढा दिला. गावातली पाणपोई त्यांची, दवाखान्यातली खोली त्यांच्या आईच्या नावाची. मी त्यांच्या पाया पडत असे, आणि आज ते असते तर आजही पडलो असतो. त्यांच्या आडतीवर संध्याकाळी ते न पेरलेले पोते उभे राहत असे, हे मला तेव्हा माहीत नव्हते असेही नाही.

वडील शेवटची दोन वर्षे माझ्याकडे पुण्यात होते. दुपारी झोप लागत नसे तेव्हा ते गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्यांचे काटे पाहत. एकदा मी धीर करून विचारले, की बाबा, शेठजींच्या आडतीवर दांडी कोण मारायचे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या काट्यावर नाही मारली.” आणि थोड्या वेळाने, मी काही न विचारताच, “दोन काटे होते तिथे.” तेवढेच. दुसऱ्या काट्यावर कोण असे, तो आकडा पुकारताना त्यांना ऐकू जात असे की नाही, संघटनेत त्यांनी कधी हा विषय काढला का, हे मी विचारू शकलो असतो. मी चहा करायला आत गेलो.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी येऊन थांबतो. कधी वाटते, त्या काळी त्या गावात एका मापाड्याने स्वतःचा काटा सरळ ठेवणे हेच पुरेसे अवघड होते. त्यापलीकडची अपेक्षा करणारा मी, ज्याने बँकेच्या तपासण्यांत मोठ्या थकबाकीदाराच्या खात्यावर सौम्य शेरे लिहिले, कोण लागून गेलो. कधी वाटते की त्यांच्या नावाचाच त्या आडतीला उपयोग होता. एका काट्याच्या खरेपणावर शेतकरी आडतीवर येत आणि दुसऱ्या काट्यावर जात. सचोटीने व्यापार वाढतो हे कारंजाला कळलेले सत्य इथे असे उलटे उभे होते: सचोटीने वाढवलेला व्यापार तिची सावली धरूनच लबाडीही करू शकत होता. आणि त्या दोन काट्यांमधल्या जागेतून माझी फी निघाली, माझी नोकरी निघाली, हा फ्लॅट निघाला, ज्याच्या गॅलरीत बसून ते मला उत्तर देत होते. त्या पोत्यांतला दाणा कुठल्या शेतकऱ्याचा होता, त्याच्या मुलाची फी कुणी भरली, हे कुठल्याही पट्टीवर सापडणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा त्याच बाईंकडे गेलो. सकाळची वेळ, ओल्या गोणपाटाचा आणि कोथिंबिरीचा वास, गिऱ्हाईक थोडे. मी न राहवून म्हटले, की तुमचा काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून का ठेवता, बाकीचे तर स्वतःकडे ठेवतात. त्या हसल्या. बीडकडच्या आहेत. पुण्याला यायच्या आधी नवरा-बायको नऊ हंगाम ऊसतोडीला गेले. “काका, तिकडं पैसे टनावर. आमी तोडायचो, गाडी भरायचो, गाडी कारखान्याला काट्यावर जायची. आमाला आत येऊ द्यायचे न्हाईत. आकडा कागदावर, कागद मुकादमाकडं. नऊ वर्सांत मी तो काटा येकदाबी बघितला न्हाई.” मग कोथिंबिरीवर पाणी मारता मारता, “म्हनून मला आकडा दिसलेला आवडतो. तुमाला बी दिसावा, मला बी दिसावा.”

मी इतकी वर्षे काटामारीचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने करत आलो होतो. तोडणारी माणसे त्याच काट्यावर टनाने मजुरी घेतात, म्हणजे गेटावर टन हरवला तर त्यांचीही मजुरी हरवते, हे साधे गणित मला, हिशेब तपासणाऱ्याला, मापाड्याच्या मुलाला, कधी सुचले नव्हते. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हाही तो टनाला पावणेचारशेच्या आतच राहिला. कारखान्याचा सभासद शेतकरी. तोडणारा सभासद नाही, कामगारांच्या हजेरीपटावरही नाही, तो टोळी पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत, उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, आकड्यासमोर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजायचा. कामाला न आलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा उचलीतून वळता होतो. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने केलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींनी गर्भाशय काढून टाकलेले आढळले. पाळीचे दुखणे, त्यापायी होणारे खाडे आणि घाबरवणारे डॉक्टर, अशी त्यामागची कारणे तेव्हा पुष्कळ सांगितली गेली. मी ती बातमी वाचली होती, हळहळलो होतो आणि पान उलटले होते. आता ज्या बाईंनी माझ्या पिशवीत भाजी टाकली त्यांच्याकडे पाहताना मला विचारावेसे वाटले आणि विचारण्याचा हक्क नाही हेही कळले. आमच्या गावाची कौले, इंजिने, चपला या सगळ्यांची बेरीज करताना ही ओळ कुठल्या रकान्यात घालायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. प्रगती झाली नाही असे म्हणणे खोटे होईल, आणि ती झाली एवढेच म्हणून पेन खाली ठेवणे हे माझ्या जुन्या सौम्य शेऱ्यांसारखे होईल.

गाव आता बदलले आहे. बाजार समितीत भुईकाटा आला. ट्रॅक्टर भरलेला एकदा, रिकामा एकदा तोलला जातो. मग मापाड्याने केले काय आणि तोलाई कसली, असा प्रश्न शेतकरी विचारतात. नाशिक जिल्ह्यात 2024 मध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून कांद्याचे लिलाव बंद पडले होते. तो प्रश्न चुकीचा नाही. वडिलांची दोन बोटे जे काम करत होती ते आता यंत्र अधिक चांगले करते, आणि त्या यंत्राला मुलीचे लग्न नसते की मुलाची फी. मला त्याचे दुःख आहे आणि मी ते कुणाला सांगणार नाही.

वडिलांच्या वस्तूंपैकी माझ्याकडे दोन किलोंचे एक लोखंडी वजन आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ते आम्ही बैठकीच्या दाराशी ठेवतो. अशा वजनाच्या तळाला एक भोक असते, त्यात शिसे भरलेले असते आणि तपासणी करणारा निरीक्षक त्या शिशावर शिक्का मारतो. त्या रविवारी घरी येऊन मी ते उलटे करून पाहिले. तिथे शिसे नाही, नुसते भोक आहे. ते वर्षांच्या आपटण्याने गळून पडले असेल. मुलांनी लहानपणी खिळ्याने उकरले असेल; मलाच तशी काहीतरी अंधूक आठवण आहे, किंवा मी ती आता तयार करतो आहे. हे वजन वडिलांच्या काट्याचे की दुसऱ्या काट्याचे, तेही मला माहीत नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर सुनेने केकचे पीठ मोजायला आणलेला छोटा काटा आहे, पाच किलोंपर्यंतचा. वजन उचलून त्याच्यावर ठेवायला एक मिनिट पुरेल.

तीन रविवार गेले. काल भाजी आणली तेव्हा घरात कुणी नव्हते. मी तो काटा चालू केला, शून्य होऊ दिले आणि पिशवीतल्या मिरच्या काढून त्याच्यावर ठेवल्या. 254 भरल्या. मी काटा बंद केला, मिरच्या टोपलीत टाकल्या, आणि वाऱ्याने ढकललेले दार पुन्हा त्या वजनाला नीट टेकवून ठेवले.